डिबेटनंतरचे आकडे: कुठल्या सर्व्हेला वेळ द्यावा, कुठला सोडून द्यावा

अमेरिकेत अध्यक्षपदाच्या प्रायमरीचं, म्हणजे पक्षाचा उमेदवार ठरवणाऱ्या अंतर्गत निवडणुकीचं, डिबेट संपतं आणि तासाभरात आकड्यांचा पाऊस सुरू होतो. एका वाहिनीवर ‘कोण जिंकलं’चे टक्के, दुसरीवर प्रेक्षकांच्या हातातल्या डायलमुळे वरखाली होणारी रेघ, कुठल्या तरी संकेतस्थळावर क्लिक करून दिलेली मतं आणि सट्ट्याच्या बाजारात काही सेंटांनी हललेले भाव. हे सगळे आकडे एकाच गोष्टीबद्दल बोलतात असं धरून वाचलं की घोळ होतो. डिबेटमध्ये कोण चमकलं, कोणाला मत द्यायचा विचार लोक करू लागले आणि नोव्हेंबरमध्ये समोरच्या पक्षाला कोण पाडू शकेल असं त्यांना वाटतं, हे तीन वेगळे प्रश्न आहेत. बहुतेक सेवा पहिल्या प्रश्नाचं उत्तर देतात आणि वाचक त्यातून तिसऱ्याचं उत्तर काढू पाहतो.

निकाल आधीच सांगतो. या सगळ्यात पैसे आणि वेळ वसूल करणारा एकच प्रकार आहे: डिबेटच्या आधी आणि नंतर त्याच माणसांना विचारलेला सर्व्हे, आणि त्यातही ‘कोणाला मत द्यायचा विचार कराल’ हा प्रश्न. बाकीचे प्रकार मर्यादित कामाचे आहेत, एक तर अजिबात कामाचा नाही.

आधी आणि नंतर, तीच माणसं

या प्रकाराचा उत्तम नमुना म्हणजे फाइव्हथर्टीएट या निवडणुकांच्या आकड्यांना वाहिलेल्या संकेतस्थळाने इप्सोस या सर्व्हे कंपनीबरोबर २०१९-२० च्या डेमोक्रॅटिक आणि २०२३ च्या रिपब्लिकन प्रायमरीत केलेले सर्व्हे. २०२३ मध्ये त्यात वॉशिंग्टन पोस्टही सामील होतं. माणसं इप्सोसच्या नॉलेजपॅनेलमधली. हे पॅनेल टपालाच्या पत्त्यांमधून चिठ्ठ्या काढल्यासारखी निवड करून भरलेलं असतं. ज्याच्या घरी इंटरनेट नाही त्याला कंपनी टॅबलेट आणि जोडणी पुरवते. त्यामुळे स्वतःहून नाव नोंदवणारे हौशी लोकच नमुन्यात येतात, ही एरवीची तक्रार इथे बरीच कमी होते.

त्याच माणसांना दोनदा विचारण्याचा फायदा आकड्यांत समजून घ्या. ६०० जणांच्या साध्या सर्व्हेत चुकीचा पट्टा, म्हणजे खरा आकडा किती वर-खाली असू शकतो ते, जास्तीत जास्त अधिक-उणे ४ टक्क्यांचा असतो. डिबेटच्या आधी ६०० वेगळे आणि नंतर ६०० वेगळे लोक घेतले, तर दोन आकड्यांमधल्या फरकावरची कमाल चूक साडेपाच टक्क्यांच्या वर जाते. म्हणजे एखादा उमेदवार ८ वरून १० वर गेला, तरी तो खरंच वर गेला की दुसऱ्या खेपेला त्याचेच लोक जास्त सापडले, हे सांगता येत नाही. माणसं तीच असली की हा गोंधळ बराचसा कटतो. कोण कुठून हलून कुठे गेलं, हेही दिसतं.

२३ ऑगस्ट २०२३ चं मिल्वॉकीतलं रिपब्लिकन डिबेट हे याचं चांगलं उदाहरण. मंचावर आठ जण होते आणि डोनाल्ड ट्रम्प आलेच नव्हते. सर्वांत चांगली कामगिरी कोणाची, या प्रश्नावर रॉन डिसँटिस यांना २९ टक्के, विवेक रामस्वामी यांना २६ आणि निकी हेली यांना १५ टक्के मिळाले. बातम्यांचे मथळे यावरच निघाले. पण त्याच सर्व्हेत ‘कोणाकोणाला मत द्यायचा विचार कराल’ या प्रश्नावर हेलींचा आकडा ३० च्या आसपासून थेट ४६ च्या आसपास गेला. त्या रात्रीची सर्वांत मोठी हालचाल तीच होती. पुढे काय झालं? रामस्वामी १५ जानेवारी २०२४ ला आयोवा राज्यातल्या पहिल्याच मतदानात आठ टक्क्यांच्याही खाली राहिले आणि त्याच रात्री बाहेर पडले. डिसँटिस २१ जानेवारीला थांबले. ट्रम्प यांच्यासमोर मार्चपर्यंत टिकल्या त्या हेलीच.

अर्थात ‘विचार कराल’ हा आकडा मताचा नाही, मताच्या कमाल मर्यादेचा आहे. एकच मतदार चार नावांवर खूण करू शकतो. ४६ टक्के वाचून कोणी हेलींना ४६ टक्के मतं मिळणार असं धरलं असेल, तर ती सर्व्हेची चूक नव्हे. आयोवात त्यांना १९ टक्के मिळाले, आणि एकाही डिबेटला न आलेल्या ट्रम्प यांना ५१. मंचावर नसलेल्या उमेदवाराबद्दल डिबेटचा सर्व्हे फार काही सांगू शकत नाही. ही मर्यादा २०२३ मध्ये पहिल्या दिवसापासून डोळ्यांसमोर ठेवायला हवी होती.

याच सर्व्हेतला एक आलेख आम्हाला फार मोलाचा वाटतो. आडव्या अक्षावर डिबेटपूर्वी उमेदवार किती लोकांना आवडत होता ते, उभ्या अक्षावर त्याच्या कामगिरीला मिळालेले गुण. आवडत्या उमेदवाराला लोक आपोआप जास्त गुण देतात, म्हणून सगळे ठिपके साधारण एका तिरक्या रेषेवर पडतात. बघायचं ते रेषेच्या किती वर किंवा किती खाली एवढंच. ज्याला मुळात फार कोणी पसंत करत नाही त्याचा ठिपका रेषेच्या वर असेल, तर त्याने परक्यांना जिंकलं. लोकप्रिय उमेदवार रेषेच्या खाली असेल, तर गुण जास्त दिसत असूनही रात्र वाईट गेली. १९ फेब्रुवारी २०२० च्या लास व्हेगसच्या डिबेटनंतर मायकेल ब्लूमबर्ग यांची घसरण अशी चटकन दिसली: एलिझाबेथ वॉरन यांनी पहिल्याच काही मिनिटांत त्यांना धरलं, आणि त्यांच्याबद्दलचं मत त्यानंतर झपाट्याने खाली आलं.

दोष आहेत. आधी विचारलं गेल्यामुळे माणूस डिबेट जास्त लक्ष देऊन पाहतो, म्हणजे नमुना साध्या प्रेक्षकापेक्षा थोडा सावध होतो. दुसऱ्या खेपेला उत्तर न देणारे लोक बहुधा कमी रस असलेले असतात. आणि निष्कर्ष मुख्यतः डिबेट पाहिलेल्यांचे असतात, तर बाकीचे लोक दुसऱ्या दिवशी तुकड्यांतून पाहतात. तरीही या दोषांची दिशा माहीत असते, म्हणून वाचताना त्यांची वजाबाकी करता येते.

झटपट सर्व्हे आणि डायल

वाहिन्यांचे त्याच रात्रीचे सर्व्हे साधारण असे होतात: आधीच्या सर्व्हेतल्या ज्या लोकांनी डिबेट पाहणार असं सांगितलं, त्यांची यादी तयार ठेवायची आणि संपल्या संपल्या त्यांना संदेश पाठवायचा. सीएनएनसाठी एसएसआरएस ही कंपनी हे काम करते. २७ जून २०२४ ला अटलांटात बायडेन आणि ट्रम्प समोरासमोर आले तेव्हा तिच्या नमुन्यात ५६५ प्रेक्षक होते, आणि ६७ विरुद्ध ३३ अशा फरकाने लोकांनी ट्रम्प जिंकले असं सांगितलं. दोघांच्या लढतीत आणि इतक्या मोठ्या फरकात हा नमुना पुरेसा आहे.

प्रायमरीत तो पुरत नाही. आठ-दहा उमेदवारांत ५०० माणसं वाटली की दुसऱ्या आणि चौथ्या क्रमांकातला फरक चुकीच्या पट्ट्यातच बुडतो. त्यातून महिला, पन्नाशीखालचे, पदवी नसलेले असे गट पाडले आणि एका गटात १५० जण उरले, तर चूक अधिक-उणे ८ टक्क्यांची. असा गटवार तक्ता वाहिनीने दाखवला तर तो सरळ सोडून द्या.

डायलचं तंत्र दिसायला सर्वांत आकर्षक, आणि म्हणूनच जास्त जपून वापरायचं. पंचवीस-तीस जणांच्या हातात एक गोल बटण असतं, शून्य ते १०० असं फिरणारं, सुरुवात ५० वर. उमेदवार बोलत असताना आवडलं तर वर, नावडलं तर खाली. सरासरीची रेघ पडद्यावर धावते. पहिली अडचण वेळेची: ऐकणं, ठरवणं आणि हात फिरवणं यात काही सेकंद जातात, त्यामुळे रेघेचं शिखर बऱ्याचदा आधीच्या वाक्याचं असतं. दुसरी अडचण जास्त महत्त्वाची. कुटुंब, कष्ट, देश असे सर्वमान्य शब्द आले की रेघ वर जाते. हल्ला झाला की खाली जाते. पण हल्ला आवडला नाही म्हणून तो लागला नाही असं होत नाही.

६ फेब्रुवारी २०१६, न्यू हॅम्पशायर. मार्को रुबिओ यांनी ओबामांबद्दलचं एकच पाठ केलेलं वाक्य पुन्हा पुन्हा म्हटलं, आणि ख्रिस ख्रिस्ती यांनी तिथल्या तिथे हेच ते पाठ केलेलं पंचवीस सेकंदांचं भाषण असं बोट दाखवून सांगितलं. अशा वेळी रेघ कोणाची वर गेली हे बघण्यात काही हशील नसतं. तीन दिवसांनी मतदान झालं, आणि आयोवात २३ टक्क्यांवर तिसरे आलेले रुबिओ न्यू हॅम्पशायरमध्ये साडेदहा टक्क्यांवर पाचवे आले. हल्ला करणारे ख्रिस्ती त्यांच्याही मागे, सहावे, आणि स्पर्धेतून बाहेर. ज्याने घाव घातला त्याला फळ मिळत नाही, ते तिसऱ्याच्या पदरात पडतं. प्रायमरीच्या डिबेटमधला हा नेहमीचा प्रकार आहे आणि डायलवर तो कधीच दिसत नाही.

रेघ थेट प्रक्षेपणात दाखवण्याबद्दल आमचा ठाम विरोध आहे. ब्रिटनमधल्या संशोधकांनी २०१० च्या निवडणुकीतल्या एका डिबेटच्या वेळी प्रेक्षकांना मुद्दाम फेरफार केलेली रेघ दाखवली, तर कोण जिंकलं याबद्दलचं त्यांचं मत रेघेच्या बाजूने झुकलं. हा प्रयोग २०११ मध्ये प्रसिद्ध झाला. काही मोजक्या लोकांच्या हातांनी लाखो प्रेक्षकांचं मत ढकलायचं आणि मग त्याच प्रेक्षकांना कोण जिंकलं म्हणून विचारायचं, यातून हाती येणारा आकडा निर्मळ नसतो. घरी पाहताना रेघ नसलेली वाहिनी लावा.

फोकस ग्रुप, म्हणजे एका खोलीत बसवलेले दहा-पंधरा मतदार, टक्केवारीसाठी नाहीत. मतदार कुठले शब्द वापरतात हे ऐकायला ते उत्तम. एक मोठ्या आवाजाचा माणूस सगळी खोली वळवतो, एवढं लक्षात ठेवायचं.

क्लिक करून किंवा संदेश पाठवून मत देण्याचे ऑनलाइन पोल पूर्ण बाद. नमुना नाही, एकाच माणसाला अनेकदा मत देता येतं, आणि समर्थकांच्या टोळ्या ठरवून येतात. २००७ मध्ये फॉक्सच्या डिबेटनंतरच्या संदेश-मतदानात रॉन पॉल पहिले येत होते. २००८ च्या प्रायमरीत त्यांना एकही राज्य जिंकता आलं नाही.

निवडून येण्याची क्षमता कशी विचारली, यावर सगळं

इलेक्टिव्ह मेरिट मोजण्याच्या तीन पद्धती आहेत आणि त्यांची उत्तरं जुळत नाहीत.

सर्वांत स्वस्त पद्धत म्हणजे ‘समोरच्याला हरवण्याची सर्वाधिक शक्यता कोणाची’ असं विचारून एकच नाव घेणं. इथे उत्तर मोठ्या प्रमाणात नावाच्या ओळखीवर जातं. ज्याचं नाव सर्वांना माहीत तो पुढे, आणि नवखा उमेदवार कितीही छान बोलला तरी मागे.

दुसरी पद्धत इप्सोसने २०१९-२० मध्ये वापरली: प्रत्येक उमेदवाराला वेगवेगळे, शून्य ते १०० मध्ये, ट्रम्प यांना हरवण्याच्या शक्यतेचे गुण द्यायचे. ही आम्हाला पसंत आहे. डिबेटच्या आधीचे आणि नंतरचे गुण शेजारी ठेवले की कोणाबद्दलची शंका कमी झाली ते दिसतं. जो आधीच ७० वर आहे तो तीन गुणांनी हलणं आणि जो ४० वर आहे तो तीन गुणांनी हलणं यांचा अर्थ वेगळा, कारण खालच्याला अजून ‘हा जिंकूच शकत नाही’ ही भिंत ओलांडायची असते.

तिसरी म्हणजे थेट लढतीचा सर्व्हे: अमुक विरुद्ध तमुक, कोणाला मत द्याल. दिसायला हीच खरी कसोटी वाटते, पण देशपातळीवर केलेली असेल तर फार भरवसा ठेवू नये. अध्यक्ष ठरतो तो राज्याराज्यांत वाटलेल्या ५३८ पैकी २७० इलेक्टोरल मतांवर. म्हणून ४ नोव्हेंबर २०१९ ला न्यूयॉर्क टाइम्स आणि सिएना कॉलेजने दिलेला सर्व्हे नमुनेदार मानायला हवा: मिशिगन, पेन्सिल्व्हेनिया, विस्कॉन्सिन, फ्लोरिडा, ॲरिझोना आणि नॉर्थ कॅरोलिना या सहा अटीतटीच्या राज्यांत बायडेन, सँडर्स आणि वॉरन यांची ट्रम्प यांच्याशी वेगवेगळी लढत लावली, आणि बायडेन वॉरनपेक्षा स्पष्टपणे मजबूत निघाले. वर्षभराने बायडेन यांनी या सहापैकी चार राज्यं जिंकली.

नवख्या उमेदवाराचा थेट लढतीतला आकडा बहुतेक वेळा फुगलेला असतो. डिसेंबर २०२३ मध्ये वॉल स्ट्रीट जर्नलच्या सर्व्हेत हेली बायडेन यांच्यापेक्षा १७ टक्क्यांनी पुढे होत्या आणि ट्रम्प ४ टक्क्यांनी. ज्याच्यावर अजून विरोधी पक्षाच्या जाहिरातींचा मारा झालेला नाही, त्याच्यात प्रत्येक जण आपल्या मनातला उमेदवार पाहतो. मारा सुरू झाला की ही आघाडी आटते. दुसरीकडे, त्याच काळात बहुसंख्य रिपब्लिकन मतदारांना जिंकण्याची खात्री ट्रम्प यांचीच वाटत होती. डिबेटमधून ‘मी निवडून येऊ शकते’ हे पटवून देण्याचा हेलींचा सगळा प्रयत्न इथे अडला: ज्यांना पटवायचं होतं त्यांना हा प्रश्न आधीच सुटलेला वाटत होता.

डिबेटने ही धारणा हलते का? हलते, पण नेहमी नाही. साउथ कॅरोलिना, जानेवारी २०१२. १६ आणि १९ तारखेला दोन डिबेट झाली आणि २१ ला मतदान. न्यूट गिंग्रिच यांनी दोन्ही ठिकाणी सूत्रसंचालकांनाच अंगावर घेतलं आणि ४० विरुद्ध २८ टक्क्यांनी मिट रॉम्नी यांना मागे टाकलं. एक्झिट पोलमध्ये जवळपास निम्म्या मतदारांनी ओबामांना हरवण्याची क्षमता हाच सर्वांत महत्त्वाचा गुण सांगितला, आणि त्यांच्यातही गिंग्रिच पुढे होते, तेव्हाच्या थेट लढतींमध्ये रॉम्नी सरस असूनही. मतदार क्षमता सर्व्हेवरून ठरवत नव्हते. मंचावर जो जोरात भिडतो तोच ओबामांनाही भिडेल, असं त्यांनी धरलं होतं.

उलट उदाहरणही आहे. २७ जून २०१९ ला मायामीत कमला हॅरिस यांनी शाळांच्या बसवरून, म्हणजे गोरी-काळी मुलं एकत्र शिकावीत म्हणून त्यांना बसने दुसऱ्या शाळांत नेण्याच्या जुन्या धोरणावरून, बायडेन यांना घेरलं. फाइव्हथर्टीएटच्या मॉर्निंग कन्सल्टबरोबरच्या सर्व्हेत त्यांचा पाठिंबा जवळपास दुप्पट झाला आणि बायडेन सुमारे दहा टक्क्यांनी घसरले. काही आठवड्यांत बायडेन सावरले, आणि हॅरिस ३ डिसेंबरला प्रायमरीतून बाहेर होत्या. हल्ला टाळ्या घेऊन गेला, पण ट्रम्प यांना कोण हरवेल या प्रश्नावर बायडेन यांची पकड सुटली नाही.

आणि क्षमता मान्य केली म्हणून मत मिळतंच असंही नाही. २०२० च्या आयोवा कॉकसमध्ये, म्हणजे पक्षाच्या सभांमधून होणाऱ्या मतदानात, दहातल्या सुमारे सहा जणांनी आपल्याशी मतं जुळण्यापेक्षा ट्रम्प यांना हरवणं महत्त्वाचं असं सांगितलं. तरीही बायडेन तिथे चौथे आले. इलेक्टिव्ह मेरिटचा प्रश्न वाचताना त्याच्या शेजारी ‘जिंकण्याची चिंताच नसती तर कोणाला निवडलं असतं’ हा प्रश्न आहे का बघा. २०१९ मध्ये ॲव्हलाँच या कंपनीने तो विचारला तेव्हा बायडेन यांची आघाडी नाहीशी झाली आणि वॉरन किंचित पुढे आल्या. लोक स्वतःच्या पसंतीवर नाही, तर शेजारी काय करेल याच्या अंदाजावर मत देत आहेत, हे या एका प्रश्नाने उघड होतं. मनाने आवडणारा पण जिंकणार नाही असं वाटणारा उमेदवार एका चांगल्या डिबेटने नाही, पण एका जिंकलेल्या राज्याने झटकन वर जाऊ शकतो.

बाजारभाव वाचायचा असेल तर

प्रेडिक्टइट, कालशी यांसारख्या सट्ट्याच्या ठिकाणी प्रत्येक करार शून्य ते एक डॉलरमध्ये विकला जातो; सांगितलेली गोष्ट घडली तर त्याचा एक डॉलर मिळतो, म्हणून भाव म्हणजे ती घडण्याची शक्यता. निवडून येण्याची क्षमता काढण्याची कृती सोपी: अध्यक्ष होण्याचा भाव भागिले उमेदवारी मिळवण्याचा भाव. उमेदवारी ३० सेंट आणि अध्यक्षपद १८ सेंट असेल तर उत्तर ६० टक्के. मात्र शेवटच्या सौद्याचा भाव घेऊ नका, खरेदी आणि विक्रीच्या बोलींचा मध्य घ्या, कारण डिबेटच्या रात्री शेवटचा सौदा काही मिनिटांत शिळा होतो. ५ सेंटांखालचे करार गणितात घेऊच नका. प्रेडिक्टइटवर बरीच वर्षं एका करारात ८५० डॉलरची मर्यादा आणि नफ्यावर १० टक्के शुल्क होतं. अशा ठिकाणी फुगलेला भाव खाली ओढायला कोणी मोठी रक्कम लावूच शकत नाही, आणि किरकोळ उमेदवारांचे भाव वाजवीपेक्षा वर राहतात.

गणित बरोबर आलं तरी एक पेच उरतो. कमकुवत उमेदवाराला उमेदवारी मिळाली असं धरायचं, तर बाकी बरंच काही त्याच्या बाजूने घडलं असंही धरावं लागतं. भागाकारात ते सगळं मिसळलेलं असतं. त्यामुळे दोन उमेदवारांच्या ६० आणि ५५ मध्ये फरक आहे असं समजून चर्चा करण्यात अर्थ नाही.

तारखा आधी पाहा

कुठलीही सेवा वापरा, डिबेट आणि मतदान यांच्या तारखा शेजारी लिहून ठेवा. लास व्हेगसच्या त्या डिबेटमध्ये वॉरन यांची वाहवा झाली, पण नेवाडात डेमोक्रॅटिक कॉकसचं लवकर मतदान आदल्याच दिवशी, १८ फेब्रुवारीला संपलं होतं. एकूण सुमारे एक लाख पाच हजारांपैकी ७५ हजारांच्या आसपास लोकांचं मत आधीच पेटीत होतं. २२ तारखेच्या निकालात वॉरन चौथ्या आल्या. त्याआधी न्यू हॅम्पशायरमध्ये मात्र ७ फेब्रुवारीचं डिबेट आणि ११ चं मतदान यांच्या मधल्या चार दिवसांत एमी क्लोबुशार वर आल्या आणि जवळपास २० टक्के घेऊन तिसऱ्या आल्या. तिथल्या निम्म्याच्या आसपास मतदारांनी शेवटच्या काही दिवसांत ठरवलं होतं.

रिक पेरी यांचा ९ नोव्हेंबर २०११ चा ‘उप्स’ही असाच तारखांनी तपासावा. बंद करायच्या तीन सरकारी खात्यांपैकी तिसऱ्याचं नाव विसरले ते त्या रात्री, पण त्यांची पडझड सप्टेंबरच्या डिबेटपासूनच चालू होती. सगळं खापर त्या एका क्षणावर फोडलं जातं, कारण त्याची चित्रफीत आहे.

फाइव्हथर्टीएट एबीसीने मार्च २०२५ मध्ये बंद केलं, म्हणजे २०२८ च्या प्रायमरीत आधी-नंतरचे सर्व्हे त्या नावाखाली मिळणार नाहीत. नॉलेजपॅनेल इप्सोसचं आहे, तेव्हा दुसऱ्या एखाद्या वृत्तपत्रासोबत तसं काम निघालं तर त्याच्या पद्धतीच्या टिपेत चार गोष्टी शोधा: दोन्ही खेपांना तीच माणसं होती का, पहिली खेप डिबेटच्या किती दिवस आधी झाली, दुसऱ्या खेपेला किती जण गळाले, आणि टक्के सर्व मतदारांचे आहेत की फक्त पाहणाऱ्यांचे. यातली पहिली गोष्ट लिहिलेली नसेल, तर त्या सर्व्हेतला ‘वाढला’ आणि ‘घसरला’ हा मजकूर वगळून उरलेलं वाचा.